पिवळ्या लेबलची बाटली: व्हव क्लिकोची ओळख आणि ती नीट उघडायची, वाढायची रीत

परदेशातून येणारा भाचा किंवा पुतण्या विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून हमखास उचलतो ती ही बाटली, शॅम्पेनची, म्हणजे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या फेसाळ वाईनची. गडद हिरवी काच आणि त्यावर अंड्याच्या बलकासारखं पिवळंधमक लेबल. घरात कौतुक होतं, फोटो निघतात आणि मग ती फ्रिजच्या दारात उभी राहते. कधी वर्ष, कधी दोन वर्षं. शेवटी कुणाच्या तरी साखरपुड्याला कुणीतरी ती खदाखदा हलवतो, बूच छताला आपटतं आणि अर्धी बाटली फरशीवर जाते. मला ते बघवत नाही. ही वाईन नितळ व्हावी, तिच्यातला साका निघावा आणि फेस मात्र आत राहावा, एवढ्यासाठी त्याच प्रदेशातल्या रँस शहरातल्या एका बाईने जिवाचं रान केलं होतं. आपण बाटली हलवतो तेव्हा तो राखलेला फेसच आधी घालवतो.

म्हणून हा लेख. आधी थोडा इतिहास, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण तिथे सापडतं.

ती बाई कोण

फ्रेंचमध्ये ‘व्हव’ म्हणजे विधवा. व्हव क्लिको म्हणजे क्लिकोंची विधवा. फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये रँस इथे वाईनची पेढी काढली. घराण्याचा मुख्य व्यवसाय कापडाचा आणि सावकारीचा, वाईन हा जोडधंदा. त्यांचा मुलगा फ्रान्स्वा. त्याचं १७९८ मध्ये बार्ब-निकोल पोंसार्दँ हिच्याशी लग्न झालं. तीही रँसच्याच कापड व्यापाऱ्याची मुलगी, जन्म १७७७ चा. १८०५ मध्ये फ्रान्स्वा तापाने गेला. बार्ब-निकोलच्या पदरात सहा वर्षांची मुलगी आणि वय अवघं सत्तावीस.

सासऱ्यांनी वाईनचा धंदा बंद करायचं ठरवलं. सुनेने तो स्वतः चालवायला मागितला. जाणकार भागीदाराच्या हाताखाली काही वर्षं काढून आधी धंदा शिकून घे, अशी अट पडली. त्याप्रमाणे अलेक्सांद्र फुर्नो यांच्याशी भागीदारी झाली. ती १८१० मध्ये संपली आणि त्याच वर्षी पेढीवर एकट्या तिचं नाव लागलं: व्हव क्लिको-पोंसार्दँ.

त्या काळच्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसत. विधवेला मात्र स्वतःच्या सहीने करार करता येत आणि खातं सांभाळता येई. म्हणजे पाटीवरचा ‘विधवा’ हा शब्द सहानुभूती मागण्यासाठी आलेला नाही, तो तिच्या सहीच्या हक्काचा शब्द आहे. आपल्याकडे त्याच काळात त्या शब्दाबरोबर काय काय येत होतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मला तर ते लेबल वाचताना दर वेळी हेच आठवतं.

नाव लागलं, पण काळ वाईट होता. नेपोलियनच्या लढायांमुळे बंदरं बंद, गिऱ्हाईक तुटलेलं, माल तळघरात पडून. १८११ मध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी द्राक्षही अप्रतिम आलं. ती ‘धूमकेतूच्या वर्षाची’ वाईन तिने जपून ठेवली. तिचा फिरता विक्रेता लुई बोन रशियात बरीच वर्षं पायपीट करून आला होता, त्याला तिथल्या दरबारी लोकांची जीभ माहीत होती. १८१४ च्या उन्हाळ्यात, युद्ध संपतंय न संपतंय तोच, स्पर्धकांना पत्ता लागू न देता तिने १०,५५० बाटल्या जहाजाने बाल्टिक समुद्राकडे रवाना केल्या. इतरांचा माल निघायच्या आत तिचा तिथल्या कोनिग्सबर्ग बंदराला पोचला आणि हातोहात विकला गेला. पाठोपाठ सेंट पीटर्सबर्गला दुसरी खेप गेली. रशियाने या पेढीला उभं केलं ते तेव्हापासून.

साका कसा निघतो: स्वयंपाकघरातलं टेबल

आता खरी गोष्ट. शॅम्पेनचा फेस बाहेरून भरलेला नसतो. आधी साधी, आंबटसर वाईन करतात. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली घट्ट बंद करतात. बंद बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होतं, वायूला बाहेर पडायला वाट नसते, तो वाईनमध्येच विरघळतो. आत पाच ते सहा वातावरणांइतका दाब तयार होतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट. पण यीस्ट मरून खाली बसतं. तो साका. त्यामुळेच वाईनला भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो, आणि त्यामुळेच ती गढूळही होते.

पूर्वी हा साका काढायला वाईन एका बाटलीतून दुसरीत ओतत. त्यात वेळ जाई, माल सांडे आणि फेस मरे. रशियातून मागण्या येत होत्या आणि तळघरात गढूळ बाटल्या अडकल्या होत्या. मादाम क्लिकोने १८१६ च्या सुमारास स्वयंपाकघरातलं एक टेबल तळघरात नेऊन त्याला भोकं पाडून घेतली, असं पेढीत सांगतात. बाटल्या त्यात तोंड खाली करून ठेवायच्या. रोज प्रत्येक बाटलीला हाताने हलकासा पीळ द्यायचा. सहा-आठ आठवड्यांत सगळा साका घसरत मानेत, बुचापाशी जमा होतो. मग बूच काढलं की आतला दाबच तो साका बाहेर फेकतो, मागे राहते ती नितळ वाईन. तळघराचा प्रमुख आंत्वान म्युलर याने पुढे भोकं तिरपी करून ही रीत पक्की केली. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्राचे पिंजरे आठवड्याभरात करतात. बाटलीची मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावात बुडवतात, साक्याचा बर्फाचा खडा होतो आणि तो खडा उडून जातो. तत्त्व मात्र त्या टेबलाचंच.

रँसच्या जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत, विहिरीसारख्या खोल. बारमाही दहा-बारा अंश तापमान, ओलसर हवा, काळोख. बाटल्या तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. कायद्याने साध्या शॅम्पेनला किमान पंधरा महिने आणि सालाचा आकडा असलेल्या शॅम्पेनला किमान तीन वर्षं थांबावं लागतं. हे घर, म्हणजे क्लिकोंची पेढी, त्याहून जास्त थांबतं. २०१५ मध्ये या तळघरांसह शॅम्पेन प्रदेशातले डोंगरउतार आणि वाईनघरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

बाई १८६६ मध्ये गेली. पेढी तिच्यामागे तिचा भागीदार एदुआर वेर्ले याच्याकडे गेली. आज ती एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे आहे. त्याच समूहाच्या वाईन शाखेची शांदों ही वाईनरी आपल्या नाशिकजवळ दिंडोरीला आहे आणि २०१३ पासून बाटलीतच आंबवण्याच्या याच पद्धतीने फेसाळ वाईन करते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, ते नाव फ्रान्सच्या त्या प्रदेशासाठी राखीव आहे. पण बाटली उघडायचा हात बसवायचा असेल तर नाशिकची बाटली घेऊन सराव करा, हा माझा प्रामाणिक सल्ला. यंत्रणा तीच, खर्च बराच कमी.

पहिली पायरी: लेबल वाचा आणि आपली बाटली निवडा

पिवळं लेबल म्हणजे घराची मुख्य वाईन, ब्रूट, म्हणजे कमी गोड. तिच्यावर साल नसतं, कारण एकाच वर्षाची वाईन त्यात नसते. दर वर्षीच्या वाईनमध्ये आधीच्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाईन मिसळतात, म्हणजे पाऊस कसाही झाला तरी चव घरचीच राहते. आपल्या घरच्या जुन्या विरजणासारखं समजा. द्राक्षं तीन: अर्ध्याच्या आसपास पिनो न्वार, बाकी शार्दोने आणि मनिए. पिनो न्वार काळं द्राक्ष असूनही वाईन पांढरी येते, कारण रंग सालीत असतो आणि घड अलगद, सालीला फार वेळ न ठेवता दाबतात. या घराचा भर पिनो न्वारवर, म्हणून वाईन अंगाने भरलेली लागते. नाजूक, फुलांसारखी शॅम्पेन आवडणाऱ्यांना ती जरा जड वाटेल. मला तोच तिचा गुण वाटतो.

पिवळा रंग १८७७ मध्ये नोंदवला गेला. तोवर गोड वाईनला पांढरं लेबल होतं, इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला कमी गोड हवी होती, ती वेगळी ओळखू यावी म्हणून पिवळं आलं.

गोडीचे शब्द पाठ करण्यासारखे आहेत. साका काढल्यावर बाटली भरून घेताना थोडा साखरेचा पाक घालतात, त्यावर हे ठरतं. एक्स्ट्रा ब्रूटमध्ये लिटरला ६ ग्रॅमपर्यंत साखर, ब्रूटमध्ये १२ पेक्षा कमी, सेकमध्ये १७ ते ३२, दमी-सेकमध्ये ३२ ते ५०. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे, ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. जुन्या काळी लोक किती गोड पीत हे २०१० मध्ये कळलं. फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ समुद्रतळाशी एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या, त्यांत क्लिकोच्याही होत्या. त्या वाईनमध्ये लिटरला १४० ग्रॅमहून जास्त साखर निघाली.

बाकीच्या बाटल्या थोडक्यात. रोझे म्हणजे गुलाबी. १८१८ मध्ये बूझी गावची लाल वाईन मिसळून मादामनेच पहिल्यांदा अशी केली असं घर सांगतं. तोवर रंगासाठी एल्डरबेरीचा अर्क वापरत. माशाच्या कालवणाशी, तंदुरी कोंबडीशी मी हीच निवडेन. व्हिंटेज म्हणजे एकाच चांगल्या वर्षाची. ‘ला ग्रांद दाम’, म्हणजे थोर बाई, ही त्यांची सर्वांत वरची वाईन. पहिलं साल १९६२, आणि १९७२ मध्ये पेढीच्या दोनशे वर्षांना ती बाजारात आली. अलीकडे तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पिनो न्वार असतं. पहिल्यांदाच घेत असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका, पिवळं लेबल घ्या. ‘रिच’ ही बर्फ आणि फळाच्या फोडी घालून प्यायला केलेली खूप गोड वाईन आहे, चुकून तीच उचलू नका.

दुसरी पायरी: विकत घेताना आणि घरी ठेवताना

भारतात आयात शुल्कामुळे किंमत बरीच वर जाते. परदेशातून कुणी येत असेल तर माणशी दोन लिटरची मर्यादा आहे, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. पेटीसकट आणा म्हणावं. पेटी दिखाऊ वाटते, पण तिचा खरा उपयोग उजेड अडवण्याचा आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. एकदा एका दुकानातून बाटली घेतली. ती शोकेसमध्ये, थेट ट्यूबलाइटखाली कितीतरी महिने उभी असावी. घरी उघडली तर उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या लोकरीचा वास. उजेडाने शॅम्पेनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात, त्याचा हा वास. हिरव्या काचेने तो धोका कमी होतो, जात नाही. तेव्हापासून मी दुकानदाराला आतल्या कपाटातली, खोक्यातली बाटली मागतो.

घरी ठेवायची तर काळोखी, थंड जागा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये माळ्यावर ठेवणं म्हणजे वाईन शिजवणं. दोन-चार आठवडे फ्रिजमध्ये चालेल. त्याहून जास्त नको: फ्रिजची हवा कोरडी, बूच आक्रसतं. दोन वर्षं जपून ठेवली म्हणून पिवळं लेबल काही अधिक चांगलं होत नाही, ते पिण्यासाठी तयार होऊनच बाहेर पडतं. साखरपुड्याची वाट बघू नका.

तिसरी पायरी: गार करा

फ्रिजमध्ये आडवी किंवा उभी, तीन-चार तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, त्यात बाटली मानेपर्यंत, पाऊण तास. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय काचेला सगळीकडून गारवा लागत नाही. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर होतं, कुल्फीच्या मडक्यासारखं. आठ ते दहा अंश हवं. फ्रीझर टाळा, विसरलात तर बाटली फुटते.

गार करणं हे चवीइतकंच सुरक्षिततेसाठी आहे. गरम वाईनमधला वायू बाहेर पडायला टपलेला असतो आणि बूच हातात राहत नाही.

चौथी पायरी: उघडा, उडवू नका

इथे घाई अजिबात नको. बाटली फडक्याने कोरडी पुसा, ओली काच हातातून निसटते. वरचा चांदीसारखा कागद काढा. त्याखाली तारेची जाळी दिसेल आणि तिच्या टोकाला छोटी कडी. आता अंगठा बुचाच्या डोक्यावर ठेवा आणि तिथून पुढे तो उचलायचाच नाही. कडी उलटी फिरवा, साधारण सहा अर्धे फेरे बसतात. जाळी सैल होईल, काढू नका, बुचावरच राहू द्या. ती बोटांना पकड देते.

बाटली पंचेचाळीस अंशांत तिरपी करा, तोंड माणसांकडे, खिडकीकडे किंवा देवघराकडे नको. तिरपी केल्याने आतल्या वाईनचा पृष्ठभाग वाढतो आणि वायू एकदम उसळत नाही. डाव्या हातात बूच आणि जाळी घट्ट, उजव्या हातात बाटलीचा बुडखा. आता बूच फिरवू नका, बाटली फिरवा. हळू. थोड्या वेळाने बूच स्वतःहून वर यायला लागल्याचं हाताला कळतं, एखादं जिवंत काहीतरी ढकलतंय असं. इथे त्याला मदत करायची नाही, उलट खाली दाबून धरायचं. शेवटच्या क्षणी बूच किंचित एका बाजूला कलतं करा. ‘फुस्स’ असा निःश्वास आला की झालं. टाळी वाजवल्यासारखा आवाज आला तर दाब जास्त गेला.

पाचवी पायरी: पेला आणि ओतणं

उंच, बारीक नळीसारखे पेले दिसायला छान, पण नाक आत जात नाही. पसरट बशीसारख्या पेल्यात वायू पटकन उडतो. मध्ये फुगीर, वर निमुळता असा पेला घ्या. पांढऱ्या वाईनचा साधा पेलाही चांगला. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो, म्हणून गरम पाण्याने धुऊन सुती कापडाने पुसा. पेल्यातले बुडबुडे काचेतून येत नाहीत. काचेला चिकटलेल्या कापडाच्या, धुळीच्या सूक्ष्म तंतूंमधून त्यांच्या माळा सुटतात. रँसच्याच विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर या भौतिकशास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्याच गटाने मोजून दाखवलं की पेला तिरका धरून बियरसारखी धारेने ओतली तर वाईनमध्ये वायू जास्त टिकतो. तेव्हा तिरका धरा, दोन टप्प्यांत ओता, अर्ध्याच्या थोडं वर थांबा. एका बाटलीत सहा पेले होतात. बुडबुड्यांमुळे दारू लवकर चढते, त्यामुळे पोटात काहीतरी असू द्या आणि गाडी चालवायची असेल तर पेला हातात घेऊ नका.

पहिला घोट घेण्याआधी वास घ्या. पिवळ्या लेबलमध्ये मला आधी पिवळं पेअर आणि लिंबाची साल येते, मग थोड्या वेळाने, पेला जरा गरम झाला की, लोण्यात भाजलेला ब्रेड. तो दुसरा वास साक्याबरोबर घालवलेल्या वर्षांचा.

सहावी पायरी: बरोबर काय खायचं

खारट, तळलेलं आणि फार तिखट नसलेलं. शॅम्पेनचा आंबटपणा तेल कापतो. रव्यात तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा (चटणी बाजूला ठेवून), साधी खारी शेंगदाण्याची वाटी. रवा फ्राय कोळंबी तर सोन्याहून पिवळी. झणझणीत रस्सा नको: बुडबुडे आणि मिरची एकत्र आले की जिभेला आगच लागते, आणि वाईन कडू वाटते.

गोडाबरोबर ब्रूट देऊ नका. केक कापताना सगळे हेच करतात आणि मग ‘शॅम्पेन आंबट असते’ म्हणतात. गोड खाल्ल्यावर ती आंबटच लागणार. गोडासाठी दमी-सेक घ्या. खरवसाबरोबर ती फार सुंदर जाते.

उरली तर

मानेत चमचा अडकवून काही होत नाही, ती समजूत आहे. फेसाळ वाईनसाठी क्लिप असलेलं रबरी झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीपर्यंत छान राहते, तिसऱ्या दिवशी ठीक. फेस गेला तर कोळंबीच्या पातळ रश्श्यात नारळाचं दूध घालण्याआधी अर्धी वाटी टाकून आटवा.

आणि बूच फेकू नका. त्यावरची तारेची जाळी सोडवा, तिच्या माथ्यावर एक धातूची चकती असते. तिच्यावर म्हातारपणीच्या मादाम क्लिकोचं चित्र आहे.